धावड्याचा क्लॅरनेटवाला

दोन हजार दोन साली तो बावीस वर्षांचा होता आणि मी अठ्ठेचाळीसचा. पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या गालात काहीतरी होतं. मी नाव विचारलं तर बोलला नाही, नुसतं एक बोट वर केलं. गाव विचारलं, पुन्हा बोट. मला वाटलं सुपारी चघळून राह्यला, आणि माझ्यापुढं सुपारी चघळणाऱ्याला मी उभा करत नसतो. हाकलणारच होतो, तेवढ्यात त्यानं गालातून वेताची पातळ पत्ती काढली, क्लॅरनेटच्या तोंडाला बसवली आणि म्हणाला, "थोडी वली होऊ द्यावी लागती, मास्तर. कोरडी पत्ती खोटं बोलती."

मग वाजवलं. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, उद्यापासून ये. चांगलं वाजवतोस असं म्हणालो नाही. माणसाला तोंडावर चांगलं म्हणायची मला सवय नाही.

हसनाबादला माझा बँड होता. बारा माणसं, लाल कोट, सोनेरी पट्टी. मी तिसरी शिकलेला, पण सगळा तालुका मला मास्तर म्हणायचा आणि मोठा ढोल माझ्या गळ्यात असायचा. बँडात ढोल गळ्यात असतो तोच मालक, बाकीचे त्याच्या मागं. हा धावड्याचा. घरून एसटीनं यायचा, क्लॅरनेटची पेटी मांडीवर घेऊन. खाली ठेवत नव्हता.

तुम्ही वरातीत नाचला असाल, पण बँडवाल्याकडं कधी नीट पाहिलं नसेल. त्यात तुमची चूक नाही, लोक नवरदेवाकडं पाहायला आलेले असतात. याच्याकडं मात्र नजर जायचीच, कारण सगळे घाईत असताना हा एकटा गालात पत्ती धरून गप उभा असायचा. नवरदेवाचा मामा येऊन ओरडायचा, मुहूर्त टळून राह्यला, चालू करा. हा बोट वर करायचा. मामा माझ्यावर यायचा. मी याच्यावर जायचो. मग हा शांतपणे पत्ती काढून म्हणायचा, "वली होऊ द्या थोडी."

हे त्याचं सगळ्याच बाबतीत होतं. लग्न कधी करतो विचारलं, "वली होऊ द्या." माझं कोणाशी भांडण झालं आणि मी त्या माणसाच्या घरी निघालो, की हा पायात यायचा, "मास्तर, थोडं वलं होऊ द्या, मंग जा." मी थांबत नसे. दोनदा थांबलो, आणि दोन्ही वेळा बरं झालं, हे त्याला सांगितलं नाही.

त्याची एक खोड अशी होती की वरात निघायच्या आधी तो एकदा मोकळ्या हातानं तो रस्ता चालून यायचा. बाकीचे पोरं नाष्ट्यावर तुटून पडायचे, हा गल्लीतून चक्कर मारून यायचा. कोणाच्या दारी मयत झालीय, कोणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलाय, कुठं बाळंतीण आहे, विचारून यायचा. मग वरातीत ते घर आलं की त्याच्या आधीच तीन घरं याचा क्लॅरनेट खाली यायचा आणि डोळ्यानं मला खूण. मी ढोल थांबवायचो. लोक चिडायचे, नाचणारे शिव्या द्यायचे. तीन घरं ओलांडली की पुन्हा चालू. दुखवट्याच्या घरापुढं वाजवायचं नाही ही आमच्या धंद्याची रीतच आहे, पण नुसत्या आजारी माणसासाठी थांबणारा मी हा एकच पाहिला. मी त्याला म्हणायचो, तू बँडात कशाला आला, दवाखान्यात कंपाउंडर व्हायचा. तो हसायचा.

चौदा एप्रिलला मात्र तो कोणाचं ऐकत नसे. त्या दिवशी कितीही मोठ्या घरची सुपारी येवो, तो धावड्यालाच. आपल्या वस्तीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं, पांढरा शर्ट घालून वाजवायचा. आम्ही लाल कोटवाले त्याच्या मागं असायचो. एवढा एक दिवस मी मागं चालत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

आता जे झालं ते सांगतो.

जुन्या जालन्यात एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. कापडाच्या दुकानांची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूला ओट्यावर माणसं, मधून रिक्षा घुसून राह्यल्या. मधोमध एक घर आलं आणि याची खूण झाली. मी ढोल थांबवला. वरच्या खिडकीत एक म्हातारा उशीला टेकून बसलेला होता, नाकात नळी. वरातीतले लोक वैतागले. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं खिडकीतून हात हलवला, वाजवा म्हणून. मी ढोलावर टिपरू उचललं. यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही नका, मास्तर. त्यांच्या छातीत बसंल."

मग यानं एकट्यानं वाजवलं. हळू. अंगाईसारखं काहीतरी होतं, कुठून शिकला होता कोण जाणे. गल्ली थांबली. रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली. दुकानातले लोक हातातली थानं तशीच धरून बाहेर आले. नवरदेव घोड्यावर बसून ऐकत होता. दहा मिनिटं माझा ढोल माझ्या पोटावर गप होता, आणि त्या सगळ्या गल्लीत एकाही माणसाला त्याची आठवण झाली नाही.

ते मला लागलं. आज कबूल करतो. तेव्हा विचारलं असतं तर मारायला धावलो असतो.

वाजवणं संपल्यावर एका दुकानदारानं खाली येऊन त्याचा खांदा थोपटला. "बेटा, तू या गर्दीत काय करून राह्यला? एकट्यानं वाजवत जा." हा माझ्याकडं बघून हसला. मी दुसरीकडं पाहिलं.

दोन वर्षांनी, दसरा झाल्यावर, तो सकाळी माझ्या घरी आला. कोट धुऊन इस्त्री करून आणलेला, वर टोपी. मला पाहताच कळलं. आमच्यात रीत आहे की बँड सोडणारा माणूस कोट मास्तरच्या हातात देतो, मास्तर त्याला नारळ देतो आणि सगळी पार्टी वाजवत त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडून येते. माझ्या बँडातून तोवर चार माणसं गेली होती, चौघांनाही वाजवत पोचवलं होतं. त्यातला एक तर चोरटा होता.

तो म्हणाला, "मास्तर, एकट्यानं वाजवून बघावं म्हणतो. संभाजीनगरला एक जण काम देतो म्हणला. हॉटेलात, कार्यक्रमात. तुम्ही हो म्हणा."

मी म्हणालो, "एकटं तर कुत्रं बी वाजवतं. गल्लीत उभं राहून."

तो दोन्ही हातांवर कोट धरून उभा राहिला. मी हात पुढं केला नाही. चहाची कपबशी घेऊन आमची मंडळी बाहेर आली आणि तशीच आत गेली.  मग त्यानं कोट ओसरीवरच्या ढोलावर ठेवला, टोपी त्याच्यावर ठेवली, माझ्या पायाला हात लावला आणि स्टँडकडं निघाला. पार्टीतले तिघे-चौघे कोपऱ्यावर वाद्यं घेऊन थांबले होते, मी खूण करतो का बघत. मी आत गेलो आणि दार लावलं.

एवढ्यावर भागलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात जालन्याला एका मंगल कार्यालयात मुलाकडच्यांनी आम्हाला आणलं होतं, आणि मुलीकडच्यांनी दारात स्वागताला याला उभा केला होता. एकटा, काळा कोट, बाजूला एक लहानशी पेटी, त्या पेटीतून तबला वाजतो. आमची वरात कार्यालयाच्या कमानीशी आली तेव्हा त्याचं चालू होतं. दुसऱ्याचा सूर चालू असताना आपला ढोल उचलायचा नाही, हे पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. मीच कित्येकांना शिकवलं. पण मी थांबलो नाही. उलट पार्टीला म्हणालो, दणकून. अर्धा तास कमानीत उभा राहून मी ढोल बडवला. त्याची बोटं हलत होती पण कानावर काही येत नव्हतं. पाव्हणे हसायला लागले. कोणीतरी मोबाईल काढला.

त्यानं क्लॅरनेट खाली घेतला. पत्ती काढली, रुमालानं पुसली, डबीत ठेवली. मग बाजूला होऊन हात जोडून उभा राहिला, वरात आत जाईपर्यंत. मी त्याच्याजवळून गेलो तेव्हा माझ्या ढोलाचा पट्टा खांद्यावरून घसरला होता. त्यानं हात पुढं करून तो वर बसवला, रोज बसवायचा तसा, आणि म्हणाला, "कंबर सांभाळा, मास्तर."

मी मान ताठ ठेवून आत गेलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण घरी येऊन सांगितलं की आज त्याची चांगली जिरवली.

त्यानंतर नऊ वर्षं गेली. डीजे आला, बँडातल्या बारा माणसांची सहा झाली. क्लॅरनेटवाला दुसरा मिळाला नाही, मी शोधलाही नाही. त्याच्याबद्दल कळत राहायचं. हॉटेलात वाजवतो, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ येतात, मोठ्या कार्यक्रमात बोलावतात. कोणी मला व्हिडिओ दाखवायला आला की मला डोळ्याला कमी दिसायचं.

मग पोरानं सगळ्यांना संभाजीनगर दाखवायचं काढलं. पोरगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे. म्हणाला, बापू, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या वराती फिरवल्या, तुम्हाला कोणी फिरवलं? भाड्याची गाडी केली. मी, आमची मंडळी, पोरगा, सूनबाई. मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली, मंडळीनं पाण्यातल्या माशांना अर्धा तास फुटाणे टाकले. दुपारी पोरगा आम्हाला एका बागेतल्या हॉटेलात घेऊन गेला. झाडाखाली टेबलं, चांगली गर्दी, रविवार होता.

गाडीतून उतरलो आणि क्लॅरनेट ऐकू आला. मी तिथंच ओळखला. कोपऱ्यात फळीचा ओटा, त्यावर तो. केस पांढरे व्हायला लागलेले. पोरानं मुद्दाम आणलं होतं की योग आला हे मी अजून विचारलेलं नाही. मी ओट्याकडं पाठ येईल अशी खुर्ची धरली.

"तोंड भिंतीला करून काय जेवता?" मंडळी म्हणाली. "तुमचाच माणूस हाय तो."

"माझा कोणी न्हाई," मी म्हणालो.

पण कान कुठं वळवणार? तो वाजवत होता ते चांगलं होतं. मी तुम्हाला सांगतो, फार चांगलं होतं. माझ्याकडं होता तेव्हा त्याला घाईत वाजवावं लागायचं, नाचणाऱ्यांसाठी. आता सूर पूर्ण होत होता. पेटीतला तबला मात्र बेजान. दोन ठिकाणी त्यानं समेवर खांदा किंचित उचलला, मला ढोलासाठी खूण करायचा तसा, हे मला सूनबाईनं नंतर सांगितलं. ती ओट्याकडं तोंड करून बसली होती.

दोन गाण्यांच्या मध्ये सूनबाई उठून त्याच्याकडं गेली. मला न विचारता. परत आली आणि माझ्याकडं वाकून म्हणाली, "मामा, त्यांनी तुम्हाला गाडीतून उतरतानाच पाहिलं. मी म्हणलं चला, तर म्हणाले, मास्तरांचं जेवण होऊ द्या. जेवत्या माणसाला उठवू नये. जेवण झालं की मीच येतो."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो ताटात परत ठेवला. आता इथं बसून राहायचं एवढंच काम होतं. तो येणार होता, वाकणार होता, मी डोक्यावर हात ठेवायचा, संपलं. मला तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. नऊ वर्षांत एवढं सोपं कधी झालं नव्हतं.

त्यानं नवीन काहीतरी सुरू केलं. संथ चाल होती. मला धंद्यातलं कळतं, ते दहा मिनिटांच्या आत संपणारं नव्हतं. आणि एकदा सुरू केलेलं अर्ध्यात टाकून तो उठणार नाही, आग लागली तरी उठणार नाही, हेही मला माहीत होतं. मी ताट सारलं, हात धुतला आणि फाटकाकडं चालायला लागलो.

पोरगा मागं आला. "बापू, दहा मिनिटं थांबा."

मी म्हणालो, "मला गरगरून राह्यलं. गाडीत बसतो."

फाटकातून बाहेर पडताना त्याचा सूर एका जागी हलला. ऐकणाऱ्या कोणाला कळलं नसेल. मग पुन्हा सरळ झाला आणि चालत राहिला. गाडीच्या काचा मी वर केल्या.

येताना सूनबाईनं त्याचा मोबाईल नंबर आणला होता. ती आठवड्याला एकदा तरी म्हणायची, मामा, लावून देऊ का? मी म्हणायचो, त्यानं लावावा. मोठा मी आहे, आधी त्यानं लावायचा. त्याच्याकडं माझा नंबर नव्हता, हे ती मला म्हणाली नाही, पण मलाही माहीत होतं.

पुढच्या वैशाखात आमचा जुना ट्रंपेटवाला दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तर येईना. म्हणाला, कार्यक्रम करून घरी आल्ता, छातीत दुखतं म्हणला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. धावड्याला आणून राह्यले.

पोराच्या मोटरसायकलवर गेलो. वस्तीत सगळे पांढऱ्या कपड्यात. त्रिशरण, पंचशील झालं. एवढी माणसं आणि एवढी शांतता. गल्लीच्या तोंडाशी कोणाच्या तरी लग्नाचा मांडव होता, तिथला डीजे त्यांनी आपणहून बंद केला होता. मी त्याच्या घरासमोर लिंबाखाली उभा राहिलो. अकरा वर्षं तो माझ्या घरी जेवला, ओसरीवर झोपला, आणि मी त्याच्या घरात कधी पाय ठेवला नव्हता. कधी काम पडलं नाही, असं मी म्हणायचो.

सगळं आटोपून लोक पांगले, तेव्हा त्याची बायको बायांच्या आधारानं दारात येऊन बसली होती. मी जवळ गेलो. तिनं वर पाहिलं. मला तिनं एकदोनदाच पाहिलेलं, पण ओळखलं.

"मास्तर ना तुम्ही?" ती म्हणाली. आवाज बसलेला. "त्या रविवारी घरी आले तेव्हा लई खूश होते. म्हणले, मास्तर आल्ते हॉटेलात, सगळे घरचे घेऊन. माझं ऐकलं त्यांनी. भेटणारच होते, पण त्यांची गाडी निघून राह्यली व्हती, म्हणून घाईनं गेले." मग तिनं विचारलं, "मिळाली का हो गाडी त्या दिवशी?"

आजूबाजूला चार माणसं होती. मी म्हणालो, "मिळाली."

ती म्हणाली, बरं झालं.

मी पोराच्या मागं बसून हसनाबादला आलो. तिच्याशी बोलताना पोरगा मागंच उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता पहिल्या गाडीनं निघालो. भोकरदनला गाडी बदलली. धावड्याला उतरलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. ती दारातच बसली होती, हातात तांदळाचं ताट होतं पण निवडत नव्हती. मी समोर उभा राहिलो, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी मला कोणती गाडी नव्हती. गाडी आमचीच होती, भाड्याची, दिवसभराची. मी त्याला भेटायचं नाही म्हणून उठून गेलो."

तिनं ताट बाजूला ठेवलं, दारातून सरकून वाट केली.

"मंग बसा की आता," ती म्हणाली. "आता तर घाई न्हाई ना."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.